बिलकीसची साफसफाई

जव्हारच्या बाजारात कासमभाई घड्याळवाल्यांच्या दुकानात शिरलं की माणसाला दोन वेगळ्या दुकानांत शिरल्यासारखं वाटायचं. डाव्या हाताला कासमभाईंचं टेबल. त्यावर डबे, डब्यांत डब्या, डब्यांत पुड्या आणि पुड्यांत मेलेल्या घड्याळांचे काटे, चक्रं, स्प्रिंगा. उजव्या हाताला त्यांच्या बायकोचं, बिलकीसचं टेबल. त्यावर कॉम्प्युटर, प्रिंटर आणि एक फडकं. बाकी काही नाही, धूळसुद्धा नाही. मधे फरशीच्या सांध्याची एक रेघ, तीच दोघांची हद्द. कासमभाईंचा एखादा स्क्रू चुकून ती ओलांडून उजवीकडे घरंगळला, तर तो परत दिसेल याची खात्री नसे.

बिलकीसला स्वच्छतेची आवड होती असं म्हणणं म्हणजे सूर्याला ऊब आवडते असं म्हणण्यासारखं आहे. वाड्याहून लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांची गळकी सुरई, मोडकी खुर्ची आणि बंद पडलेला रेडिओ भंगारवाल्याला देऊन मोकळी झाली. सासरे बरेच दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिला ते कळलंही नाही, कारण ती माळा झाडत होती. जे वापरात नाही ते घरात नाही, हा तिचा कायदा. आज नाही तर उद्या लागेल, हा कासमभाईंचा. असे दोन कायदे एका छपराखाली असूनही त्यांचा संसार चांगला चालला, आणि मला विचाराल तर भांडणाला कायम विषय असल्यामुळेच चालला.

त्यांना दोन मुलं. थोरला इमरान, धाकटी रुमाना. रुमाना लहान असताना तिला मोठा ताप आला. दवाखान्यात सुया टोचून टोचून पोर वाचली, पण कान गमावून घरी आली. तेव्हापासून दवाखान्याची पायरी दिसली की ती मिळेल तो खांब धरून बसे. मोठी झाली तरी ती धास्ती गेली नाही. बहिऱ्या मुलीसाठी जवळपास शाळा सापडली नाही, म्हणून मायलेकींनी आपली हातांची एक बोली तयार केली. ती जगात दोघींनाच पुरती येत होती.

त्या बोलीतले कितीतरी शब्द कासमभाईंच्या टेबलाखाली जन्मले. रुमाना तिथे खेळत बसे. एखादं घड्याळ दुरुस्त झालं की कासमभाई ते तिच्या गालाच्या हाडावर टेकवत. कानानं नाही, पण हाडानं तिला टिकटिक कळे आणि पोर खुदकन हसे. त्यावरून गालावर एका बोटानं भराभर टकटक केलं की अर्थ ठरला, चालू आहे, ठीक आहे. एक टिचकी, मग थांबणं, मग दुसरी टिचकी, म्हणजे चावी संपत आली. हे शब्द घड्याळापुरते राहिले नाहीत. शेजारच्या फागीची म्हातारी बकरी खंगली, तेव्हा रुमानानं गालावर सावकाश टिचक्या मारून आईला बकरीची तब्येत सांगितली होती.

इमरान शिकून ठाण्याला कॉम्प्युटरच्या कामाला लागला आणि त्यानं आईला हे मशीन आणून दिलं. बिलकीस अर्ज, दाखले, लग्नपत्रिका टाइप करू लागली. पण गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधून सारखे व्हायरस येत आणि मशीन आजारी पडे. म्हणून इमराननं त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं, आणि तेही एका वेगळ्या जातीचं. बाकीच्या सिस्टिमना दोन-चार वर्षांनी एकदा नवी आवृत्ती येते. या जातीला तशी आवृत्तीच नसते. इंटरनेटवरून आज हा भाग नवा येतो, उद्या तो, आणि मशीन बसल्या जागी थोडं थोडं बदलत राहतं.

"अम्मी, आठवड्याला एकदा अपडेट करायचं," इमराननं बजावलं होतं. "ताज्या भाजीसारखं. साठवून ठेवायचं नाही."

आता जव्हार-मोखाड्याच्या माणसाला साठवू नको म्हणणं म्हणजे मोठी मौज. इथे पाऊस लागायच्या आत लाकूड, तांदूळ, सुकट, मीठ, मिरची, सगळं घरात भरून ठेवायचं असतं. एकदा घाट धुक्यात गेला की काय मिळेल आणि काय नाही, कोणी सांगावं? बिलकीसनं मान डोलावली आणि जमेल तेव्हा अपडेट करत राहिली. आलेले नवे भाग ती एका सीडीवर उतरवून खोडाळ्याला पाठवी. पोशेऱ्याचा मुकेश तिच्याकडेच टायपिंग शिकला होता. खोडाळ्याच्या बाजारात त्यानं छोटं दुकान टाकलं होतं. त्याच्याकडे इंटरनेट नव्हतं, पण मशीन याच जातीचं होतं. एसटीच्या कंडक्टरबरोबर सीडी जाई आणि खोडाळ्याचं मशीन जव्हारच्या मागोमाग नवं होई.

पुढे रुमानाचं लग्न झालं ते थेट हैदराबादला. नवरा अम्मार, झेरॉक्सचं दुकान, माणूस भला. पण बहिऱ्या पोरीला फोनचा काय उपयोग? लिहिणं-वाचणं नावापुरतं. इमराननं दोन्ही घरांच्या मशीनना कॅमेरे लावले आणि एक प्रोग्रॅम बसवला. तो सायबर कॅफेवाल्यांकडे मिळत नसे. मग दर शुक्रवारी नमाजानंतर बिलकीस दुकानाचा पडदा ओढून घेई आणि मायलेकी हातांनी बोलत. चित्र अडखळे, हात मधेच गोठत, पण भांडण, चुगल्या, रुसवे, सगळं व्हायचं. कासमभाई कधी कॅमेऱ्यासमोर आले नाहीत. ते आपल्या टेबलाशी डोळ्याला भिंग लावून बसून राहत. लेक दिसली की त्यांचे डोळे भरून येत, आणि भरल्या डोळ्यानं भिंगातून काही दिसत नाही, असं ते म्हणत.

दोन हजार आठ सालच्या पावसात इंटरनेटची लाइन गेली ती रमजान संपत आला तेव्हा आली. ईदच्या आधीच्या शुक्रवारी रुमाना पडद्यावर दिसली. महिने भरत आले होते. तिनं पोटावर हात ठेवून गालावर भराभर टकटक केलं आणि बिलकीस हसता हसता रडली. मुलीला बाळंतपणासाठी जव्हारला आणायचं ठरलं होतं, पण एवढा प्रवास झेपायचा नाही म्हणून ते राहिलं. बिलकीसचं हैदराबादचं तिकीट ईदनंतरच्या आठवड्याचं होतं.

ईदचा दिवस उजाडला तेव्हा साफसफाई आधीच झाली होती. घर झालं, दुकान झालं, राहिला होता फक्त कॉम्प्युटरचा आतला भाग. ऐन वेळी मशीननं दगा देऊ नये म्हणून बिलकीसनं ठरवलं, सगळं एकदाच नवं करून घेऊ. पण मशीन म्हणालं, जागा अपुरी आहे. जागा खातंय कोण म्हणून तिनं शोध घेतला, तर एका कोपऱ्यात प्रत्येक जुना भाग तसाच्या तसा ठेवलेला. नवा आला तरी जुना फेकलेला नाही. नावं तीच, फक्त पुढचे आकडे वेगळे.

"हे पाहा," ती नवऱ्याला म्हणाली, "माझ्या मशीनच्या पोटात तुमचं टेबल निघालं."

आणि तिनं ते सगळं पुसून टाकलं. मग पावसाळाभरचं अपडेट एका बैठकीत उतरवलं. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, तर पडद्यावर काळोख आणि काळोखात पांढरी अक्षरं. चित्र नाही, खिडक्या नाहीत, कॅमेरा नाही. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

ती इमरानला फोन लावणार, तोच अम्मारचा फोन आला.

"अम्मी, रुमाना कालपासून रडतेय. जेवत नाही. हातांनी काहीतरी सांगते, पण इतकं भराभर की मला कळत नाही. तुमचं नाव तेवढं कळलं. घरातल्या बायका म्हणतात, पहिलटकरीण आहे, घाबरली असेल."

"दवाखान्यात ने तिला."

"न्यायला गेलो. खिडकीचे गज धरून बसलीय, सुटत नाही. जबरदस्ती करू का? अशा अवस्थेत?"

"नको, नको. तिला काही झालं तर?" बिलकीसनं काळ्या पडद्याकडे पाहिलं. "मी बोलते तिच्याशी. आज बोलते."

बोलते म्हणाली, पण कशानं? निघाली तरी हैदराबाद गाठायला दुसरा दिवस उजाडला असता. तिनं इमरानला फोन लावला. त्यानं पडद्यावरची अक्षरं वाचून घेतली.

"अम्मी, स्क्रीन चालवणारा नवा भाग आपल्या जुन्या कार्डाला मानवत नाहीये. घाबरू नको. नवा काढायचा, जुना परत घालायचा. मशीन जुने भाग जपून ठेवतं. मी सांगतो ते टाइप कर."

तिनं टाइप केलं. मशीननं उत्तर दिलं की तिथे काही नाही.

"काहीच नाही? असं कसं होईल?"

"मी साफ केलं," बिलकीस म्हणाली.

इमरान अगदी हळू म्हणाला, "अम्मी, ते कोणी साफ करत नाही गं." त्यानं सांगितलं की इंटरनेटवर फक्त ताजं मिळतं. नवं आलं की तिथलं जुनंही जातं.

बिलकीसनं फोन ठेवला. उभ्या जन्मात तिला आपल्या हातांचा राग आला नव्हता, तो त्या दिवशी आला. पलीकडे कासमभाईंनी सगळं ऐकलं होतं. जन्मभर ज्या एका वाक्याची त्यांनी वाट पाहिली, ते बोलायची वेळ आज चालून आली होती. माझ्यासारखा असता तर बोलून गेला असता. कासमभाईंनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि विचारलं, "त्या मुकेशला तू सीड्या पाठवायचीस ना? त्यांत जुना माल असेल की."

बिलकीसनं मुकेशला फोन लावला.

"चाची, माझं मशीन तर श्रावणात विजेनं गेलं. मंग सीड्या पडूनच होत्या. आईनं नेल्या."

"कुठे नेल्या?"

"पोशेऱ्याला. भातावर टांगल्यात. पाखरं हाकलाया."

खोडाळ्याच्या एसटीत बिलकीस चढली तेव्हा तिच्या अंगावर ईदचाच जोड होता, बदलायचं भानच राहिलं नव्हतं. पोशेऱ्याच्या जरा अलीकडे तिला खिडकीतून उतारावर काहीतरी लखलखताना दिसलं. पिवळ्या पडत चाललेल्या भातावर काठ्यांना दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांना सीड्या. वाऱ्यावर त्या गरगर फिरत होत्या. एका सीडीच्या दोरीवर एक पाखरू निवांत बसलं होतं.

मुकेशची आई माघी बांधावर आली. बिलकीसला ती मुकेशच्या शिकवणीपासून ओळखत होती.

"काय झाला गं बाय? अशी धावत आलीस ती?"

बिलकीसनं सांगितलं. मशीनचं माघीला काही कळलं नाही. कळलं एवढंच की लेक अडली आहे आणि आईला या चकत्या हव्यात.

"ती मुकी पोर? माझी नागलीची भाकर गूळ लावून खायची ती?" माघीनं कमरेचा कोयता काढला. "ने सगळ्या. पाखरां तं आथा भियत पण नाय. दोन दिस भियलीं, मंग त्यावरच बसाया लागलीं."

तिनं एकेक दोरी कापून सीड्या बिलकीसच्या हातात दिल्या. महिनाभरच्या उन्हापावसानं त्यांची रया गेली होती. बिलकीसनं मार्करनं लिहिलेल्या तारखा धुऊन गेल्या होत्या. कुठल्या सीडीत काय, हे सांगायला काही उरलं नव्हतं. माघीनं शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढून पेंढ्याच्या छपराखाली अडकवलेली आणखी एक काढून आणली. वर बसून राखण करताना हातात असावी म्हणून ठेवलेली.

बिलकीस वळली तशी माघीनं तिला थांबवलं. "उभ्या भातावरून काढलास तं काय तरी बांधून जा. रिकामी दोरी ठेवाची नाय. पाखरां बघतां."

बिलकीसकडे द्यायला होतं काय? तिनं ईदची नवी लाल ओढणी खांद्यावरून काढली, दातांनी कड फाडली, तिच्या चिंध्या केल्या आणि दोघींनी मिळून त्या दोऱ्यांना बांधल्या. डोक्यावर घ्यायला माघीनं आपलं धुवट फडकं दिलं.

दुकानात परत आल्यावर जे काम होतं ते बिलकीसला येत होतं. तिनं साबणाच्या कोमट पाण्यात एकेक सीडी धुतली, मलमलीच्या तुकड्यानं मधून कडेकडे पुसली, गोल कधी नाही. चरे उरले. तिनं धुतलेली सीडी फरशीच्या त्या रेघेपलीकडे धरली आणि कासमभाईंनी ती घेतली. घड्याळाच्या काचा चकाकवायची पेस्ट त्यांनी एका डब्यातल्या डबीतल्या पुडीतून शोधून काढली. बिलकीसनं त्या पसाऱ्याकडे न बघता पुढची सीडी धुवायला घेतली. बोटाच्या टोकानं त्यांनी चरे घासले, फुंकर मारली आणि सीडी परत दिली.

पहिली सीडी मशीननं वाचली नाही. दुसरीही नाही. उन्हानं त्यांचा जीवच घेतला होता. एक अर्ध्यावर जाऊन अडकली. बिलकीस प्रत्येकीला बिस्मिल्ला म्हणून आत सरकवत होती आणि ती बाहेर आली की कडेला ठेवत होती. फेकत नव्हती. शेवटी राहिली माळ्याच्या छपराखालची. ती आत गेली, घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली, आणि काळ्या पडद्यावर जुन्या भागांची नावं धो धो उतरू लागली.

इमरान फोनवर एकेक अक्षर सांगत गेला, ती ठोकत गेली. दिवेलागणीला मशीन पुन्हा सुरू केलं. काळोख आला, आणि पाठोपाठ त्यात तो ओळखीचा निळा पडदा उघडला. बिलकीसनं कॅमेरा पुसला आणि अम्मारला फोन केला, तिला समोर आण.

रुमाना दिसली. चेहरा सुजलेला, केस विस्कटलेले. आई दिसताच तिचे हात सुटले, इतके की चित्रात नुसत्या रेघा उमटल्या. बिलकीसनं हात वर केला, हळू, बेटा, हळू. मग रुमानानं एक हात पोटावर ठेवला. दुसऱ्या हाताचं एक बोट गालाच्या हाडावर आणलं. एक टिचकी. मग नुसतीच आईकडे बघत राहिली. चित्र गोठलं की काय असं बिलकीसला वाटलं. मग दुसरी टिचकी.

चावी संपत आली.

"अम्मार!" बिलकीस फोनमधे ओरडली. "बाळ पोटात हलायचं कमी झालंय. ती कालपासून हेच सांगतेय रे. आत्ता ने तिला!"

अम्मारनं तिच्या खांद्याला हात लावला आणि रुमाना मागे सरली. मागच्या खिडकीचे गज धरले. तिला कळलं होतं कुठे न्यायचंय ते. बिलकीस हातांनी विनवत राहिली, रागावली, शपथ घातली. पोर मान हलवत राहिली. सुया, असं तिनं दंडावर बोट टोचून दाखवलं. माझे कान तिथेच गेले, असंही दाखवलं. बिलकीसचे हात खाली आले. त्या बोलीत तिच्याजवळ आणखी शब्द नव्हते.

तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कासमभाई उठून आले. डोळ्यावर भिंग तसंच होतं. बायकोच्या मागे उभं राहून त्यांनी कॅमेऱ्यात पाहिलं आणि गालावर एक टिचकी मारली, थांबले, दुसरी मारली. मग प्रश्नाची मान केली, चावी संपत आली की घड्याळ कुठे नेतात?

रुमाना बघत राहिली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला बाप दिसत होता. तिनं हळूच बोट उचललं आणि पडद्यातून त्यांच्याकडे दाखवलं. तुमच्या टेबलावर.

कासमभाईंनी मान डोलावली. भिंगावर बोट ठेवलं, मग दूर, बाहेर बोट दाखवलं, तिथेही एक भिंगवाला बसलाय. चिमटीत हवा धरून त्यांनी चावी दिली, एक वेढा, दुसरा वेढा. आणि गालावर भराभर टकटक केलं. भिंगाखालून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

रुमानानं एक गज सोडला, मग दुसरा.

त्यानंतर पडद्यावर रिकामी खोली राहिली. मशीन बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही. अम्मारचा फोन आला तेव्हा ती दोघं आपापल्या टेबलाशी नव्हती, मधल्या रेघेवरच फरशीवर बसलेली होती. ऑपरेशन करून बाळ काढावं लागलं होतं. आणखी उशीर झाला असता तर हाती लागलं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मुलगी होती. रडली होती.

बिलकीसची साफसफाई त्यानंतर थांबली असं कोणी समजू नये. ती आजही माणसाला उठवून त्याच्याखालची खुर्ची पुसते. पण कॉम्प्युटरच्या त्या कोपऱ्याला तिनं परत हात लावला नाही. इमराननं जागेसाठी आणखी एक डिस्क बसवून दिली. आणि कासमभाईंचे डबे ती पुसते ते उचलून पुसते आणि जिथल्या तिथे ठेवते. पोशेऱ्याला तिनं माघीसाठी लुगडं पाठवलं. माघीनं निरोप पाठवला की लाल चिंध्यांना पाखरं अजून भितात.

ती हैदराबादला जाऊन बाळ-बाळंतिणीचं करून आली, त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी तिनं दुकानाचा पडदा ओढला आणि मशीन सुरू केलं. कासमभाईंनी न बोलावता आपलं स्टूल उजवीकडे आणलं. रुमाना पडद्यावर आली, मांडीवर तान्ही जिक्रा. तिनं लेकीला दोन्ही हातांनी अलगद उचललं, तिची छाती आपल्या गालाच्या हाडाला टेकवली आणि डोळे मिटले. मग एक हात सोडवून घेऊन दुसऱ्या गालावर बोटानं टकटक सुरू केली, भराभर, न थांबता. कासमभाईंचंही बोट गालावर गेलं आणि तिच्या ठेक्यावर चालू लागलं.